लेणे, उतरविणे आणि मोडणे : नागझिरा परिसरातील श्रम व अलंकार

(१)

नागझिरा हे नाव आज मुख्यतः व्याघ्रप्रकल्पाच्या संदर्भात ऐकू येते. या वनास अभयारण्याचा दर्जा १९७० साली मिळाला. पुढे १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय वनातील श्वापदे हा नसून, या वनाच्या कडेने धान रोवणाऱ्या, चैत्रात मोहफुले आणि वैशाखात तेंदूपाने वेचणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरील दागिने हा आहे. हे दागिने सणावारीच नव्हे, तर काम करतानाही अंगावर असत. ते का असत, आणि कोणत्या प्रसंगी उतरत, या दोन प्रश्नांचा विचार येथे शब्दांच्या आधारे करावयाचा आहे.

विषयप्रवेशापूर्वी स्थलनामाकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. वनाच्या मध्यभागी नागाचे ठाणे आहे आणि डोंगरातून बारमाही पाणी झिरपते, त्यावरून नागझिरा हे नाव पडले असे सांगितले जाते. आसपासची पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी ही गावे पाहिली म्हणजे झरा, झरी, झिरा या शब्दकुळाने हा सारा प्रदेश व्यापलेला दिसतो. याच मुलखात नदीची वाळू आणि सोनारांच्या दुकानांतील केर धुऊन सोन्याचे कण वेगळे करणारी सोनझरी ही जमात आढळते. या नावातही झरी पाहून सोन्याचा झरा असा अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात हे नाव झारणे, म्हणजे झाडून घेणे, या क्रियेशी जोडले आहे. आणि मराठीतील झारेकरी हा शब्द त्यास दुजोरा देतो. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, ही भाषाशास्त्रातील प्राथमिक सूचना येथे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, दागिन्यांच्या शब्दांच्या बाबतीत तिची गरज पदोपदी भासते. गोंदण हा शब्द गोंड या जमातनामावरून आला, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्याचा संबंध हिंदी गोदना, म्हणजे टोचणे, या क्रियेशी आहे. आणि गोंड स्वतःस कोइतूर म्हणवितात.

(२)

दागिन्यास मराठीत जे सामान्य शब्द आहेत ते दोन भिन्न कल्पनांतून निघालेले आहेत. पहिली कल्पना संस्कृत अलंकार या शब्दात दिसते. अलम् म्हणजे पुरेसे, समर्थ. अलं-कृ म्हणजे एखाद्यास समर्थ करणे, कार्यास योग्य करणे. वैदिक वाङ्मयातील अरं-कृ हे त्याचेच पूर्वरूप. डच पंडित यान खोंडा यांनी १९३९ साली या शब्दावर स्वतंत्र निबंध लिहून, शोभा हा अर्थ येथे मागाहूनचा असून सामर्थ्य आणणे हा मूळचा होय, असे प्रतिपादन केले. या दृष्टीने अलंकृत मनुष्य म्हणजे नटलेला मनुष्य नव्हे, तर सिद्ध झालेला मनुष्य. घोड्यावर खोगीर चढवावे किंवा नांगरास फाळ बसवावा, तशी ही सिद्धता आहे.

दुसरी कल्पना बोलीतील शब्दांत दिसते. दागिना, डाग आणि नग हे तिन्ही शब्द अलंकारास लावले जातात, आणि तिहींचा दुसरा अर्थ मोजता येण्याजोगी सुटी वस्तू असा आहे. प्रवासी सामानाचे डाग मोजतो, व्यापारी मालाचे नग मोजतो, मालधक्क्यावर दागिने उतरवून घेतले जातात. अर्थात् हा शब्दगट दागिन्याकडे मोजदाद करता येणारी, हातोहात देता-घेता येणारी मालमत्ता म्हणून पाहतो. एक कल्पना पूर्ततेची आणि दुसरी गणनेची. नागझिऱ्याच्या परिसरातील श्रमिक स्त्रीच्या अंगावरील दागिन्याचा इतिहास हा या दोन कल्पनांच्या सहवासाचा, आणि प्रसंगी संघर्षाचा, इतिहास आहे.

पूर्ततेच्या कल्पनेचा पुरावा केवळ वैदिक शब्दातच सापडतो असे नाही. बांगड्या नसलेल्या हातास मराठीत भुंडा हात म्हणतात, आणि हेच विशेषण शिंगे नसलेल्या जनावरासही लागते. दागिन्यावाचून गळा ओकाबोका दिसतो. अंगावर एकही डाग नसलेली स्त्री लंकेची पार्वती ठरते. म्हणजे दागिना ही अंगावर घातलेली भर नसून त्याचा अभाव ही अंगातली उणीव आहे, असे भाषा मानते. या समजुतीचा धागा प्राण्यांपर्यंतही पोहोचतो. विदर्भातील महापाषाणयुगीन शिळावर्तुळांच्या उत्खननांत, विशेषतः नागपूरजवळच्या माहुरझरी येथे, घोड्याच्या मस्तकावर घालावयाची तांब्याच्या पत्र्याची आभूषणे मिळाली आहेत. आजही पोळ्याच्या दिवशी बैलास घुंगूरमाळ बांधतात. आणि वनात चरणाऱ्या गुराच्या गळ्यातील लाकडी घंटा ही तर उघडच कामाची वस्तू आहे. घुंगूर हा शब्द बैलास, बालकास आणि नर्तकीस समानच लागतो, ही गोष्ट सूचक आहे.

(३)

आता वस्तूंकडे वळू. कामावर अंगात राहणारे दागिने आणि प्रसंगापुरते घातले जाणारे दागिने यांत या प्रदेशातील स्त्रिया स्पष्ट भेद करीत आल्या आहेत. नथ ही प्रसंगाची. फुली किंवा चमकी ही रोजची. लोंबते झुमके सणाचे. कानास चिकटून राहणारे नग कामाचे. गळ्यात घट्ट बसणारी गळसरी व काळे मणी, दंडावरील वाकी, मनगटावरील कडे, कमरेचा दोर, पायातील वाळे-तोडे आणि बोटांतील जोडवी ही नित्याची. यांतील बहुतेक नावे वस्तूचा आकार किंवा तिचे स्थान सांगतात. कडे हे संस्कृत कटकापासून आले. वाकीचा संबंध वाकणे या क्रियेशी आहे. जोडवी जोडीने घालावयाची म्हणून जोडवी, आणि मासोळी माशाच्या आकाराची म्हणून मासोळी. पूर्वेकडील छत्तीसगडी मुलखाशी या प्रदेशाचा नित्य संबंध असल्यामुळे तिकडील नावांचाही विचार करावा लागतो. तेथील ऐंठी म्हणजे पीळ दिलेले कडे. ऐंठना म्हणजे पिळणे. दंडावर घालावयाच्या सर्पाकृती नगास तिकडे नागमोरी म्हणतात. फारसीतून आलेले बाजूबंद आणि गुलूबंद हे शब्दही स्थानवाचकच आहेत: बाजू म्हणजे दंड, गुलू म्हणजे गळा.

झाडीबोलीच्या उच्चारपद्धतीने या नावांना आपले असे रूप दिले. या बोलीत ळ-च्या जागी र आणि ण-च्या जागी न येतो. डोळा हा डोरा होतो, माळ ही मार होते. मंगळसूत्रास विदर्भात अनेक ठिकाणी गरसोळी हे नाव आहे. त्यातील पूर्वपद गळ या शब्दाचेच रूपांतर मानण्यास प्रत्यवाय नाही. ही रूपे अशुद्ध म्हणून दुरुस्त करण्याची घाई आपल्या शाळांनी केली आहे. ती अशुद्ध नसून नियमबद्ध आहेत, एवढे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज पडू नये.

रोजच्या दागिन्यांच्या घडणीत कामाची छाया स्पष्ट दिसते. रोवणीचे काम घ्या. स्त्री बांधीतील चिखलात पोटरीपर्यंत उभी असते. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सुटी करून चिखलात खोवावयाच्या आणि एक पाऊल मागे सरकावयाचे. हा क्रम दिवसभर चालतो. अशा कामात लोंबणारी, टोके असलेली किंवा सैल वस्तू टिकत नाही. म्हणून मनगटावरील कडे घट्ट बसणारे असते, किंवा ते वर सारून दंडाच्या बाजूस अडकविता येते; जोडव्यांची टोके उघडी ठेवलेली असतात, म्हणजे ती दाबून बोटाबरोबर घट्ट करता येतात आणि चिखल त्यांना ओढून नेत नाही. जड पण पसरट, भरीव पण गुळगुळीत, हा या नगांचा गुण. नाकापेक्षा मोती जड ही म्हण शोभेच्या दागिन्याच्या अप्रमाणाविषयी बोलते. कामाच्या दागिन्याने आपले प्रमाण कामापासूनच घेतलेले असते.

द्रव्याचाही विचार असाच करावा लागेल. पळस, कुसुम आणि बोर यांवर वाढणाऱ्या किड्यापासून लाख मिळते, आणि हे तिन्ही वृक्ष या वनपट्ट्यातील आहेत. गोंदिया हे लाखेच्या व्यापाराचे व प्रक्रियेचे केंद्र होते. लाक्षा हा शब्द अथर्ववेदात औषधिद्रव्य म्हणून येतो. बोलीत त्याची लाख झाली. लाखेची बांगडी उष्णतेने मऊ होते, म्हणून ती हाताच्या मापाने घडविता व पुन्हा लहानमोठी करता येते. आणि काच फुटल्यावर जशी मनगटात रुतते तशी ती रुतत नाही. पितळ व कासे यांचे दागिनेही जवळच घडत. भंडारा हे पितळी भांड्यांचे जुने केंद्र होय, आणि गावाच्या नावाचा संबंध लोक भाणे, म्हणजे ताट, या शब्दाशी जोडतात. मात्र रतनपूर येथील १११४ सालच्या शिलालेखात भाणार हे रूप आढळते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या साधेपणात एक विसंगती आहे. येथून दक्षिणेस, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐने-अकबरीत आला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील वाळूतून सोनझरी सोन्याचे कण वेचीत होते. हिरा आणि सोने ज्या भूमीतून निघत होते, त्याच भूमीवर राबणाऱ्या स्त्रीच्या अंगावर लाख, पितळ, काच आणि फार तर चांदी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली आणि गोंदिया हे त्या मार्गावरील मोठे स्थानक झाले. दूरच्या कारखान्यांतील काचेच्या बांगड्या आणि गिलटाचे दागिने या मार्गाने बाजारांत पोहोचू लागले. गिलट हा शब्द मनोरंजक आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ सोन्याचा मुलामा असा असता, हिंदी भाषाक्षेत्रात व त्याच्या लगतच्या भागात तो चांदीसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या मिश्रधातूस लागला. शब्द सोन्याचा आणि वस्तू चांदीच्याही खालची, असा हा प्रवास.

पुरुषांच्या बाबतीत कमरेच्या दोराचा उल्लेख पुरेसा आहे. कडदोरा, करगोटा, करदोडा अशी त्याची रूपे प्रांताप्रांतांत आढळतात. लंगोटी त्याच्याच आधाराने बांधली जाते, किल्ली किंवा ताईत त्यातच अडकविला जातो. तो दागिना आहे, संरक्षण आहे आणि साधनही आहे. या तीन गोष्टी वेगळ्या काढण्याचा आग्रह आपला; तो वापरणाऱ्याचा नव्हे. रसेल व हिरालाल यांनीही सोनार जातीवरील लेखात अलंकारांचा विचार केवळ शोभेच्या अंगाने न करता रक्षामणी म्हणून केला आहे.

(४)

रोज अंगावर असणारी वस्तू केव्हा घातली जाते, हा प्रश्न तितकासा फलदायी नाही. ती एकदा घातली की घातलेलीच असते. खरा ऐतिहासिक प्रश्न ती केव्हा उतरते हा आहे. मराठी क्रियापदे येथे उत्तम मार्गदर्शन करतात. काजळ व चोळी लेतात, फुले माळतात, बांगड्या भरतात. परंतु बांगडी फुटली असे म्हणावयाचे नाही, वाढविली म्हणावयाचे. मंगळसूत्र तुटत नाही, वाढते. दागिना घडवितात आणि विकताना मोडतात. म्हणजे दागिन्याच्या प्राप्तीस जितके शब्द आहेत तितकेच त्याच्या वियोगासही आहेत, आणि त्या प्रत्येकामागे एक सामाजिक प्रसंग उभा आहे. असे चार प्रसंग येथे विचारात घेऊ.

पहिला प्रसंग मृत्यूचा. पती निवर्तल्यावर पत्नीच्या बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे ही प्रथा महाराष्ट्रात दीर्घकाल चालत आली. एरवी वाढविणे हा शब्द वापरणारी भाषा येथे फोडणे हाच शब्द वापरते. जे अमंगल म्हणून तोंडावर आणावयाचे नाही, ते येथे प्रत्यक्ष करावयाचे असते. परंतु मध्यप्रांतातील श्रमिक जातिजमातींत विधवेचा पुनर्विवाह रूढ होता, आणि हिंदी-छत्तीसगडी बोलींत त्या विवाहास चूडी पहनाना असेच म्हणत. बांगडी भरणे हाच विवाह. ज्या हातांच्या कष्टावर घर चालावयाचे, ते हात आयुष्यभर भुंडे ठेवणे या समाजांनी आवश्यक मानले नाही. या गोष्टीकडे उच्चवर्णीय लेखकांनी हीनतेची खूण म्हणून पाहिले; आज तिचा अर्थ वेगळा लावावा लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये वैधव्यविषयक अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्यशासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे सुचविले. जी गोष्ट झाडीच्या वनकडेला शब्दाच्या रूपाने पूर्वीच होती, ती अन्यत्र ठरावाच्या रूपाने यावी लागली.

दुसरा प्रसंग दुष्काळाचा व कर्जाचा. येथे गणनेची कल्पना पूर्ततेच्या कल्पनेवर मात करते. याज्ञवल्क्यस्मृतीने स्त्रीधनावर स्त्रीचा हक्क मान्य केला, परंतु दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर ठेवले नाही. स्मृतीने चौघांत दुष्काळ पहिला घातला, हे अनुभवाचे बोल होत. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळात पश्चिम व दक्षिण भारतातील चांदीचे दागिने फार मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत वितळण्यास आले. मध्यप्रांतावर हीच आपत्ती १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशी लागोपाठ दोनदा कोसळली. ब्रिटिश अधिकारी व अर्थशास्त्रज्ञ दागिन्यात अडकलेल्या धनास निष्फळ साठा म्हणत. हा आक्षेप करताना एक गोष्ट विसरली जाते. ज्या घरास कुलूप नाही, ज्या गावात पेढी नाही आणि ज्या स्त्रीच्या नावावर जमीन नाही, तिला आपली शिल्लक ठेवावयास स्वतःच्या अंगाखेरीज दुसरी जागा कोणती होती? कामावर जाताना दागिने अंगावरच का ठेवावयाचे, याचे उत्तर अंशतः येथे आहे. घर दिवसभर उघडे असे. अंग हीच तिजोरी होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने १९५६ साली स्त्रीस तिच्या संपत्तीवर पूर्ण स्वामित्व दिले, तोपर्यंत पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत संपत्ती या शब्दाचा व्यावहारिक अर्थ अंगावरचे डाग एवढाच होता.

मात्र या तिजोरीची एक किल्ली सावकाराकडेही असे. गहाण पडलेला दागिना परत येईलच याची शाश्वती नसे, आणि चांदी मोडताना घडणावळ बुडे, घट धरली जाई. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी १९३४ साली सावकारीचा कायदा झाला, तो याच अनुभवातून. पुढे जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले, १९६८ साली त्यांचा अधिनियम झाला आणि १९९० साली तो रद्द झाला. या नियंत्रणाने सोनारांच्या धंद्यावर मोठा आघात केला. परंतु लाख आणि कासे अंगावर वागविणाऱ्या स्त्रीस त्याची झळ थेट पोहोचण्याचे कारण नव्हते. राष्ट्राच्या सुवर्णेतिहासात तिची गणना नव्हतीच.

तिसरा प्रसंग यंत्राचा. विळा आणि कडे शतकानुशतके एकाच हातात नांदले. पट्ट्यावर फिरणारे चाक आणि कडे तसे नांदू शकत नाहीत. गोंदियाच्या भातगिरण्या आणि भंडारा जिल्ह्यातील मँगेनीजच्या खाणी यांनी या भागात नवे श्रम आणले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २२ मध्ये चालत्या यंत्राजवळचे विशिष्ट काम अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच करावे, असे सांगितले होते. यात दागिन्याचे नाव नव्हते, तथापि सैल वस्तूविषयीचे भय तेच होते. रुग्णालयांतून निर्जंतुकतेच्या कारणाने हीच मागणी पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हस्तस्वच्छतेविषयक सूचनांत रुग्णसेवा करताना अंगठ्या व तत्सम दागिने घालणे टाळावे असा सल्ला आहे. ही मागणी रास्त आहे आणि तिला धर्म किंवा रूढी यांच्या नावाने विरोध करणे योग्य नाही. तरीही तिचा भाषिक परिणाम नोंदविला पाहिजे. यंत्रापुढे अलंकार हा शब्द आपला मूळ अर्थ गमावतो. ज्याने मनुष्य कामास सिद्ध होतो तो अलंकार, हा अर्थ उलटून, ज्याने कामास अडथळा होतो तो अलंकार, असे समीकरण रूढ होते. आणि हेच समीकरण आपण मागील काळावरही लादतो. हातात बांगड्या भरल्या आहेत काय, असा दुर्बलतेचा टोमणा आपण मारतो तेव्हा, याच भरलेल्या हातांनी साऱ्या झाडीतील धान रोवला गेला, हे विसरलेले असतो.

(५)

चौथा प्रसंग या सर्वांहून भिन्न आहे, कारण त्यात दागिना कोणी हिरावून घेत नाही; तो स्वेच्छेने टाकला जातो. दागिना ही पूर्तता आणि मालमत्ता तर होतीच, परंतु ती सक्तीची खूणही होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे अलंकार लोखंडाचे असावेत असे विधान आहे. म्हणजे कोणी कोणता धातू अंगावर वागवावा, हा केवळ ऐपतीचा प्रश्न नव्हता. कमरेखाली सोने घालू नये हा संकेत धार्मिक म्हणून सांगितला जातो. परंतु कोणत्या जातीच्या स्त्रीने कमरेवर तरी काय घालावे, याविषयी गावाचे निर्बंध असत आणि ते मोडल्यास शिक्षा होई.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात दागिन्यांचा प्रश्न सरळ उपस्थित केला होता. ज्या वस्त्रांवरून आणि ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते ती टाकून द्या, कोपरापर्यंतच्या जड हलक्या-धातूच्या बांगड्या आणि गळ्यातील गळसऱ्यांचे ओझे सोडा, दागिना घालावयाचा तर चांगला घाला, नाहीतर घालू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. महाडच्या परिषदेस जमलेल्या स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत तत्काळ बदलली. हा प्रसंग कोकणातला असला तरी, पुढे विदर्भात ही चळवळ ज्या प्रमाणात पसरली ते पाहता, येथील श्रमिक स्त्रीच्या दागिन्याचा इतिहास त्याच्यावाचून लिहिता येणार नाही.

संशोधकास येथे सावध राहावे लागते. गिलटाचे कडे आज संग्रहालयाच्या काचेमागे ठेवले म्हणजे ते लोककलेचा नमुना ठरते आणि त्याच्या भरीवपणाचे कौतुक होते. ज्या स्त्रीने ते विचारपूर्वक उतरविले, तिला त्यात कला नव्हे तर कपाळी बसलेला शिक्का दिसत होता. या दोन्ही दृष्टींपैकी एक खरी आणि दुसरी खोटी असे नाही. तेच कडे एका घरात दुष्काळाची तरतूद होते आणि दुसऱ्या घरात अवमानाची खूण. गोंड घरातील ऐपतीचा नग आणि गावकुसाबाहेरील सक्तीचा नग दिसावयास सारखे असू शकतात; त्यांचा भेद धातूत नसून घालणारीच्या स्वातंत्र्यात आहे. म्हणून दागिन्याच्या नोंदीत वस्तूचे वजन व नाव एवढेच न लिहिता, ती कोणी घातली, आणि न घालण्याची तिला मुभा होती काय, हेही लिहिले पाहिजे.

या चारही प्रसंगांतून सुटलेला एक अलंकार आहे, तो म्हणजे गोंदण. ते फोडता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, यंत्रात अडकत नाही. मरताना सर्व डाग काढून घेतले जातात, गोंदण मात्र बरोबर येते, ही समजूत मध्य भारतातील अनेक जमातींत नोंदविली गेली आहे. ज्यांच्या अंगावरचे सर्व काही केव्हा ना केव्हा दुसऱ्याने उतरवून घेतले, त्यांनी काढता न येणाऱ्या दागिन्यास सर्वांत श्रेष्ठ मानावे, यात आश्चर्य नाही. पण जातीची खूण पुसावयाची असेल तर हाच गुण दोष ठरतो, हेही लगेच जोडून म्हटले पाहिजे.

(६)

आज नागझिऱ्याच्या कडेची गावे बदलली आहेत. वनात जाण्यायेण्याचे नियम निराळे झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्कास नवे रूप दिले. तेंदूपाने वेचावयास निघालेल्या स्त्रीच्या गळ्यात आता पुष्कळदा मुलाम्याची पोत असते. सोन्याची असेल तर ती घरी ठेवलेली असते. दागिना अंगावरून पेटीत गेला. ही सोय आहे, सुरक्षितताही आहे. परंतु त्याबरोबर रोजचा नग आणि सणाचा नग हा जुना भेद उलटा झाला. पूर्वी मोलाचा दागिना कामावर अंगात असे, कारण अंग हीच सुरक्षित जागा होती. आज मोलाचा दागिना कामावर घातला जात नाही, कारण अंग ही सुरक्षित जागा राहिली नाही. कामावर दागिने घालावेत किंवा नाही या प्रश्नाचे उत्तर अभिरुचीत शोधण्याऐवजी, त्या त्या काळी स्त्रीच्या अंगास आणि घरास किती अभय होते यात शोधावे लागते, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक विनंती करून हा लेख संपवितो. झाडीतील दागिन्यांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत अशा स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्याकडे जाताना नामांची यादी घेऊन जाऊ नये, क्रियापदे विचारावीत. हे केव्हा घातले, हे विचारल्यास लग्न एवढेच उत्तर मिळेल. हे केव्हा उतरविले, असे आदरपूर्वक विचारल्यास कदाचित् प्रथम मौन मिळेल. त्या मौनानंतर जे वाक्य येईल ते जसेच्या तसे, तिच्या बोलीतल्या र-कारासह, लिहून घ्यावे. शब्दकोशात जी जागा रिकामी आहे ती त्या वाक्याची आहे.